‘स्ट्राइक’ म्हणजे काय?



व्याख्यानमालेचे चिटणीस आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या मनात ‘कामगार चळवळीपुढील प्रश्न’ असा काहीसा भारदस्त विषय होता. आम्ही त्यांना म्हटले, त्या प्रश्नांवर आम्ही वर्षाचे बारा महिने कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून बोलतच असतो. वसंत ऋतूतील संध्याकाळी घरची कामे आटोपून, फुलांचे गजरे माळून जी मंडळी इथे येऊन बसतात, त्यांना तेच पुन्हा ऐकवणे बरे नव्हे. त्यापेक्षा आम्हांला एका शब्दावर बोलू द्या. शब्द इंग्रजी आहे, पण या सभागृहात तो ऐकला नाही असा एकही मनुष्य नसेल. तो शब्द म्हणजे ‘स्ट्राइक’.

चिटणीस हसले. कामगार पुढारी स्ट्राइकवर बोलणार, यात नवीन ते काय, असे त्यांना वाटले असावे. पण आम्ही स्ट्राइक कसा करावा हे सांगणार नाही, तो शब्द काय काय करतो ते सांगणार आहो. आता आम्ही कोणी भाषापंडित नाही. आमची मॅट्रिक, म्हणजे आजची दहावी, दुसऱ्या खेपेस झाली आणि पुढचे जे काही शिकलो ते रात्रपाळी नसलेल्या रात्री, रद्दीवाल्याच्या दुकानातून वजनावर आणलेल्या पुस्तकांतून. तेव्हा सभेत जे प्राध्यापक बसले असतील त्यांनी चुकले तिथे कान धरावा. या शब्दापाशी आम्ही विद्येच्या हौसेने गेलो नाही. एका माणसाची नोकरी आमच्या अज्ञानाने गेली, म्हणून गेलो. ती हकीकत आधी सांगतो.

गोष्ट १९९३ सालची. आम्ही तेव्हा तेवीस वर्षांचे होतो आणि यंत्राचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात हेल्पर होतो. युनियन लहान, आणि त्या युनियनमध्ये ‘इंग्रजी येणारा’ अशी आमची ख्याती! ती कशाने झाली म्हणाल, तर नोटीस बोर्डावरचा कागद आम्ही अडखळत का होईना मोठ्याने वाचत असू, एवढ्याने. आमच्या खात्यात एक टर्नर होते. वयाने वडील, हाताने फार सफाईदार. आम्ही सारे त्यांना तात्या म्हणत असू. तात्यांची आई गावी आजारी पडली म्हणून ते दहा दिवसांची रजा टाकून गेले. आईचे दुखणे लांबले, रजा संपली, तरी तात्यांचा पाय निघेना. मस्टरवर खाड्यांवर खाडे पडू लागले. पंधरा-सोळा दिवसांनी त्यांच्या गावच्या पत्त्यावर कारखान्याचे रजिस्टर पत्र गेले. पत्र इंग्रजीत होते. गावात ते नीट वाचणारे कोणी नव्हते. तात्यांचा मुलगा नववीत होता, त्याने शाळेतला छोटा कोश काढून पाहिले. पत्रात ‘स्ट्रक’ असा शब्द होता. ते ‘स्ट्राइक’चे भूतकाळी रूप हे त्याला ठाऊक होते. स्ट्राइक म्हणजे संप. बापलेकांनी अर्थ लावला की आपण संपावर आहो अशी काही नोंद कंपनीने केली आहे. पण संप तर कुठेच चालू नव्हता! तेव्हा ही कारकुनाची चूक असणार.

तरीही तात्या सावध. त्यांनी ते पत्र गावच्या एका माणसाबरोबर आमच्याकडे पाठवले आणि निरोप दिला, की तुम्ही वाचून सांगा. आम्ही जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये ते वाचले. ‘युवर नेम हॅज बीन स्ट्रक ऑफ द मस्टर रोल.’ आजही ते वाक्य डोळ्यांसमोर आहे. ‘ऑफ’ या चिमुकल्या शब्दाकडे आम्ही पाहिलेच नाही. संप, नाव आणि मस्टर एवढे आम्हांला कळले आणि तेवढ्यावर आम्ही ऐटीत सांगितले, ‘संपाविषयी काहीतरी घोटाळा झालाय. घाबरू नका म्हणावं. आईला बरं वाटलं की या, मग बघू.’

पत्राच्या शेवटच्या ओळीत आठ दिवसांत खुलासा करावा असे लिहिले होते. आठ दिवस गेले. तात्या आले ते महिन्याने, आईचे दिवस करूनच. फाटकावरच्या वॉचमनने त्यांचा पास घेतला आणि म्हणाला, ‘तात्या, तुमचं नाव नाही हो यादीत.’

त्या संध्याकाळी आम्ही रद्दीवाल्याकडे गेलो आणि मिळाला तेवढा मोठा इंग्रजी कोश विकत घेतला. पुठ्ठा गेलेला, पहिली काही पाने उंदरांनी कुरतडलेली. पण ‘एस’ अक्षर शाबूत होते. ‘स्ट्राइक’ या शब्दाने त्यात एका पानाहून अधिक जागा व्यापली होती. आम्ही जो अर्थ एकमेव समजत होतो तो कुठेतरी मध्यावर, इतर अर्थांच्या गर्दीत उभा होता.

ती गर्दी तुम्हांला थोडी दाखवतो. घड्याळाचे टोले पडतात, ते स्ट्राइक. काडी ओढून पेटवली, स्ट्राइक. वीज झाडावर पडली, स्ट्राइक. जमिनीत तेल लागले, टाकसाळीत नाणे पाडले, सतारीची तार छेडली, मनात एकदम कल्पना आली, कोणी सुंदर स्त्री नजरेत भरली, सापाने डंख केला, तंबू उतरवून तळ हलवला, कागदावरच्या शब्दावर रेघ मारली, या साऱ्या ठिकाणी इंग्रज हा एकच शब्द वापरतो. बेसबॉल नावाच्या अमेरिकन खेळात गडी चेंडू मारायला जातो आणि चेंडू हुकतो, त्यालाही स्ट्राइक म्हणतात. मारणे या अर्थाचा शब्द, आणि न मारता आले तरी तोच! क्रिकेटने तर आणखी गोंधळ केला आहे. आमचे एक जुने सभासद रेडिओवर समालोचन ऐकताना ‘सचिन आता स्ट्राइकवर’ असे ऐकले की म्हणत, ‘याचं पण पटत नाही वाटतं बोर्डाशी?’

पण इंग्रजांना हसण्यापूर्वी आपले घर पहावे. आपले ‘मारणे’ काय कमी आहे? आपण माशी मारतो तशी हाकही मारतो. शिक्का मारतो, बुडी मारतो, गप्पा मारतो, थाप मारतो, मिठी मारतो, आणि या सगळ्यांत रक्त कुठेच सांडत नाही. कामावर न जाणे यालाही आपण दांडी मारणे म्हणतो. या दांडीकडे पुढे पुन्हा यायचे आहे, ती लक्षात असू द्या.

एवढ्या अर्थांचे मूळ कोणते, हे शोधताना आम्हांला मोठी मौज वाटली. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ मारणे असा नव्हताच. हलके हात फिरवणे, चोळणे, पुढे सरकत जाणे असा होता. मांजराच्या पाठीवरून हात फिरवण्याला इंग्रजीत ‘स्ट्रोक’ म्हणतात, तो याच घराण्यातला. धान्याच्या मापावर पट्टी फिरवून वरचा ढीग सपाट करतात, त्या पट्टीचेही एक नाव स्ट्राइक होते. पुढे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास फिरणाऱ्या हाताला जोर आला आणि कुरवाळण्याचे ठोसणे झाले. माणसांचेही असे होते, शब्दांचे झाले तर नवल नाही.

मग काम बंद करण्याला हा शब्द कसा लागला? आम्ही पुष्कळ दिवस अशाच समजुतीत होतो, की मालकावर प्रहार म्हणून स्ट्राइक. आमच्या सभांतून आम्ही तसे मोठ्या आवेशाने सांगितलेही आहे. ते चूक होते. जहाजी भाषेत स्ट्राइक म्हणजे खाली उतरवणे. शीड उतरवणे, डोलकाठीवरचा आडवा वासा उतरवणे, निशाण उतरवणे. लढाईत गलबताने निशाण स्ट्राइक केले म्हणजे ते शरण आले. १७६८ साली लंडनला थेम्स नदीवर जे व्यापारी गलबतांचे खलाशी होते, त्यांनी पगारवाढ मागितली. ती मिळेना तेव्हा त्यांनी गलबतांवर चढून शिडे खाली उतरवली. कोणाचे डोके फोडण्याची गरजच नव्हती. शीड उतरले की गलबत जागचे हलत नाही, आणि गलबत हलले नाही की लंडनचा व्यापार हलत नाही. त्या साली हा शब्द काम बंद करण्याच्या अर्थाने छापून आला आणि तेव्हापासून सुतार, विणकर, खाणवाले सगळ्यांनी तो उचलला, ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता त्यांनीसुद्धा.

पहा मंडळी, जी क्रिया आरमारात शरणागतीची खूण होती तीच खलाशांनी न नमण्याची खूण केली. आणि मालकपक्षाच्या कानाला मात्र त्या शब्दात पहिल्यापासून ठोसाच ऐकू आला. एक जण ‘आम्ही शीड उतरवले’ म्हणतो, दुसरा ऐकतो ‘यांनी मला मारले’. तीस वर्षांत वाटाघाटीच्या टेबलाशी बसताना आम्हांला हे दोन अर्थ समोरासमोर बसलेले अनेकदा दिसले आहेत.

लंडनचीच दुसरी एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. १८८८ च्या जुलैत तिथे आगकाड्यांच्या एका कारखान्यातील सुमारे चौदाशे बायका-मुलींनी काम थांबवले. पिवळ्या-पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेने त्यांचे जबडे सडत, वर क्षुल्लक कारणांवरून दंड कापला जाई. दोनतीन आठवड्यांत त्यांच्या बऱ्याच मागण्या मान्य झाल्या आणि त्यांची संघटनाही उभी राहिली. काडी ओढण्याला आणि काम थांबवण्याला त्यांच्या भाषेत एकच शब्द, हे त्या मुलींच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नसेल असे आपले आम्हांला वाटते.

दुसऱ्या भाषांनी हीच गोष्ट कोणत्या नावाने हाक मारून बोलावली ते पाहण्याचा आम्हांला नाद लागला. जर्मनांनी इंग्रजी शब्दच उचलला. फ्रेंच मात्र स्वतंत्र. त्यांचा शब्द ‘ग्रेव्ह’. ग्रेव्ह म्हणजे वाळूचा, खड्यांचा काठ. पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी नगरभवनासमोर त्या नावाचा चौक होता. तिथे सकाळी हाताला काम नसलेले लोक येऊन उभे राहत आणि गरजू लोक त्यांना तिथून कामाला नेत. म्हणजे ‘ग्रेव्ह करणे’ याचा आधीचा अर्थ काम शोधत उभे राहणे, आणि नंतरचा अर्थ काम सोडून उभे राहणे! आपल्या शहराच्या नाक्यावर सकाळी आठ वाजता थापी, घमेले आणि डबा घेऊन जी माणसे उभी असतात त्यांना पाहिले की आम्हांला तो फ्रेंच शब्द आठवतो. त्या माणसांना संप करण्याचीही सोय नाही. कोणाविरुद्ध करणार? मालक रोज नवा.

आता आपला शब्द. आपण म्हणतो ‘संप’. इतका रोजचा शब्द, की त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. पण आमच्या युनियनमध्ये एक गुजराती फिटर होते, ते एकदा भाषणानंतर म्हणाले, ‘तुम्ही मराठी लोक भांडणाला संप म्हणता याचं मला हसू येतं. आमच्यात दोघे भाऊ गोडीने राहतात, त्याला संप म्हणतात.’ खरेच आहे. गुजरातीत संप म्हणजे एकोपा, सलोखा. आणि विचार केला तर आपलाही अर्थ त्याहून फार लांब नाही. इंग्रजाने बाहेरून दिसणारी क्रिया पाहिली, शीड उतरले. फ्रेंचाने जागा पाहिली. मराठीने पाहिले ते त्याच्या आदल्या रात्रीचे, म्हणजे चार माणसे चाळीच्या गॅलरीत बसून एकमताला आली ते. काम थांबणे हे त्याचे फळ. आम्हांला तिन्ही शब्दांत आपला शब्द अधिक खोल वाटतो. याला आमची मराठीची आवड म्हणा हवे तर. पण कोणताही अनुभवी संघटक सांगेल, की भोंग्याला न जाणे सोपे, आदल्या रात्रीचे एकमत अवघड. आणि हा शब्द काही गिरणीच्या फाटकातच अडकलेला नव्हता. १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा भरवून ठरवले की विधवांचे केशवपन आपण करणार नाही. पगाराचा प्रश्न नाही, तासांचा प्रश्न नाही, उलट पदरचे उत्पन्न बुडणार. त्याला ‘प्रहार’ म्हणून पहा आणि ‘एकमत’ म्हणून पहा, कोणता शब्द बसतो तो तुम्हीच ठरवा.

‘हरताळ’ची गोष्ट वेगळी. हट्ट म्हणजे बाजार आणि ताल म्हणजे कुलूप, बाजाराला कुलूप तो हरताळ. ६ एप्रिल १९१९ रोजी रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींच्या हाकेवरून देशभर झाला तो हाच. हिंदीत कामगारांच्या संपालाही हडताल म्हणतात, मराठीत आपण दुकानदाराला हरताळ दिला आणि कामगाराला संप. परंतु मराठीत दुसराही एक हरताळ आहे. तो सोमलाच्या जातीचा पिवळा खनिज रंग. पूर्वी पोथी लिहिताना अक्षर चुकले तर त्यावर हा पिवळा हरताळ लावून ते झाकीत आणि वर नवे अक्षर लिहीत. म्हणून ‘तत्त्वांना हरताळ फासला’ असे आपण म्हणतो. हे दोन हरताळ मुळात वेगळे, उच्चार मात्र एक. म्हणजे इंग्रजीत काम थांबवणे आणि नावावर रेघ मारणे यांना एक शब्द, आणि मराठीतही काम थांबवणे आणि अक्षर पुसणे यांना एक शब्द. हे वाचले त्या दिवशी आम्हांला तात्यांच्या पत्राची आठवण होऊन जेवण गेले नाही.

आता थोडे रुक्ष, पण ज्याच्यावर चुली पेटतात आणि विझतात असे बोलायचे आहे. कोशातले समानार्थी शब्द कोर्टात समानार्थी राहत नाहीत. संप, टाळेबंदी, ले-ऑफ, कारखानाबंदी, मंदगती, सामुदायिक रजा. रस्त्यावरच्या माणसाला सगळ्यांत एकच दिसते, ते म्हणजे धुराडे थंड आहे. पण धुराडे कोणत्या नावाने थंड आहे, यावर पगार ठरतो. संप असेल तर तो कायदेशीरही हवा आणि न्याय्यही हवा, तरच त्या दिवसांचा पगार मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १९९४ साली सांगितले. टाळेबंदी असेल आणि ती बेकायदा ठरली तर मालकाला पगार द्यावा लागतो. १९३६ च्या पगारवाटपाच्या कायद्यात तर अशी तरतूद होती, की दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, योग्य सूचना न देता गैरहजर राहिले तर त्यांचा आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येईल. नऊ जण गेले तर ती दांडी, दहावा गेला की ते संगनमत! आणि २०२० साली संसदेने जी औद्योगिक संबंध संहिता संमत केली तिने संपाच्या व्याख्येतच एक नवे कलम घातले. एखाद्या दिवशी निम्म्या किंवा अधिक कामगारांनी मिळून किरकोळ रजा घेतली तर तोही संपच. मघाची दांडी लक्षात ठेवा म्हटले होते, ती ही. दांडी मारण्याला आपल्या भाषेने जे नाव दिले होते, ते कायद्याने बदलून घेतले.

नावावरून चाललेली एक झटापट आम्ही जवळून पाहिली आहे. कारखाना कोणता ते सांगण्याचे कारण नाही. पहिल्या पाळीचे लोक फाटकाशी आले तेव्हा तिथे टेबल मांडलेले, त्यावर छापील हमीपत्रे. यावर सही कराल तर आत. हमीपत्रात असे लिहिलेले, की आजवर आम्ही मुद्दाम उत्पादन कमी काढले, पुढे असे करणार नाही. केलेच नव्हते, तर कबुली कशाची? कोणी सही केली नाही. फाटक लागले. दुपारी नोटीस डकवली गेली, की कामगार बेकायदा संपावर गेले आहेत. तुम्हीच सांगा, बाहेर कोण गेले आणि बाहेर कोणी ठेवले? आमच्या लोकांनी एक दोन रुपयांची वही आणली आणि रोज पाळीच्या वेळी फाटकाशी येऊन त्यात हजेरी लावली, सह्या केल्या. सरकारी अधिकारी चौकशीला आले, त्यांचा पहिला प्रश्न, कुलूप कोणत्या बाजूने होते? एक्केचाळीस दिवस कारखाना बंद राहिला. तडजोड झाली तेव्हा पैशांवर एकमत अर्ध्या तासात झाले, आणि त्या दिवसांना काय म्हणावे यावर रात्रीचे दोन वाजले. ‘संप’ आम्ही लिहू देईना, ‘टाळेबंदी’ ते लिहू देईनात. शेवटी एका वृद्ध वकिलांनी तिसरा शब्द सुचवला, ‘कामबंदीचा काळ’. कोणी बंद केले ते त्यात नाही. त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. अर्धा पगार मिळाला. त्या वहीच्या किमतीच्या मानाने सौदा वाईट नव्हता. जाता जाता, सौदा ठरवणे यालाही इंग्रजीत स्ट्राइकच म्हणतात. आपल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरला की हातावर हात मारतात, तोच हा भाव.

टाळेबंदीवरून आठवले. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे सारा देश बंद झाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘लॉकडाऊन’ला मराठी शब्द शोधला तो ‘टाळेबंदी’. आमच्या कचेरीत सभासद विचारू लागले, ‘सायेब, पेपरात टाळेबंदी लिहिलीय, मग पगार मिळणार ना?’ त्यांना काय उत्तर द्यावे? एकच मराठी शब्द, पण वर्तमानपत्रातला निराळा आणि कायद्यातला निराळा.

शब्दाच्या अर्थासाठी विधिमंडळात झगडणारा सर्वांत मोठा माणूस म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९३८ च्या सप्टेंबरात मुंबई विधानसभेत औद्योगिक तंट्यांचे बिल आले. त्यात काही प्रकारच्या संपांना शिक्षा होती. बाबासाहेबांनी विचारले, संप म्हणजे मुळात काय? तो नोकरीच्या कराराचा भंग आहे, एवढेच. करारभंग ही दिवाणी बाब, तिला फौजदारी गुन्हा कसा करता? काम करायचे नसताना शिक्षेच्या धाकाने ते करायला लावणे याला गुलामी हे नाव आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. बिल मंजूर झाले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत त्याविरुद्ध एक दिवसाचा संप केला. आम्ही ते भाषण प्रथम वाचले तेव्हा आम्हांला एक गोष्ट जाणवली. व्याख्या ही वाचनालयात बसून करायची गोष्ट आहे असे आम्ही समजत होतो.

तात्यांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. कंपनीचे म्हणणे, ते आपण होऊन नोकरी सोडून गेले. आमचे म्हणणे, तुम्ही नाव काढले. आम्हांला कोशाने एक अर्थ दिला होता, आता कायद्याच्या पुस्तकाने दुसरा दिला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की मस्टरवरून नाव काढणे हीही कामगारकपातच होय. म्हणजे नोटीस हवी, भरपाई हवी. रेघ मारली आणि संपले असे होत नाही. या आधारावर कामगार न्यायालयात खटला चालला. पाच वर्षे लागली. तात्यांना पुन्हा कामावर घेतले, मागचा पगार निम्मा. त्या पाच वर्षांत ते एका गॅरेजमध्ये मोटारी धूत होते. टर्नरचा हात तोवर थोडा बिघडला होता. आमच्यावर ते कधी रागावले नाहीत. फक्त कामावर परत आल्यावर पहिल्या पगारातून त्यांनी आमच्या कोशाला पुठ्ठ्याची बांधणी करून आणून दिली. तो कोश अजून आमच्याजवळ आहे.

आणखी एकच गोष्ट, आणि आम्ही खाली बसतो. संप सुरू होण्याला शब्द थोडे, संपण्याला मात्र मराठीत किती शब्द आहेत! संप मिटतो, फुटतो, मोडतो, बारगळतो, चिघळतो, मागे घेतला जातो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंत पुढारी, सुमारे अडीच लाख कामगार. आमचे वडील त्यांतले एक, साचेवाले. तो संप मिटला म्हणावे तर तडजोड झाली नाही. मोडला म्हणावे तर कोणत्या दिवशी? मागे घेतल्याचे तर कोणी जाहीर केलेच नाही. एकेक गिरणी गेली, जागेवर मनोरे आले, आणि आमच्यासारखी बिऱ्हाडे चाळीतली खोली सोडून कोकणात गावी परतली.

१९९१ च्या शिमग्याला आम्ही गावी होतो. जनगणना चालू होती. शाळेचे गुरुजी कागद घेऊन ओटीवर बसले. आईने त्यांना पाणी दिले. नाव, वय, शिक्षण झाले, मग त्यांनी वडिलांना विचारले, ‘बाबा, काम काय करता?’ वडील म्हणाले, ‘संपावर आहे.’ गुरुजींनी मान वर करून पाहिले. ‘अहो, नऊ वर्षं झाली त्याला. आत्ता काय करता ते सांगा.’ वडिलांनी पुन्हा तेच सांगितले. गुरुजी थोडा वेळ थांबले. मग त्यांनी ‘शेतमजूर’ असे लिहिले, पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला आणि आमच्याकडे वळून आमचे वय विचारले.